बाबांची जन्मतारीख

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, गच्चीवर गाद्या घालून झाल्या होत्या आणि धाकट्याचा फोन आला. तिकडे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये, तेव्हा भर दुपार. एरवी तो आधी आईची चौकशी करतो, मग पाण्यापावसाची, आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी एकदम म्हणाला, "ताई, बाबांची जन्मतारीख शाळेतली धरायची की खरी?"

आमच्या घरात हा प्रश्न जुना आहे. शाळेतली तारीख १ जून १९४८. त्या काळी नाव घालताना गुरुजी निम्म्या वर्गाला १ जूनच द्यायचे. खरी तारीख आजीच्या बोलण्यात होती: दिवाळी होऊन गेली होती, कापसाची पहिली वेचणी चालू होती आणि सुईण शेजारच्या गावाहून बैलगाडीत आली होती. एवढ्यावर कुठल्या सरकारला तारीख देणार? "शाळेतलीच लिही," मी म्हणाले. "पेन्शन त्याच तारखेवर चालू आहे."

मग प्रश्नांची रांगच लागली. आई जन्मली ते गाव कुठल्या तालुक्यात. माझं माहेरचं नाव अजून कुठल्या कागदावर आहे का. माझ्या शाळेचा पत्ता. बाबांनी शेवटची नोकरी कुठे केली. आपण दोघं किती वेळा बोलतो: रोज, आठवड्याला, महिन्याला, तीन महिन्यांनी की वर्षाला? आणि कशावर? "रविवारी तूच तर फोन करतोस," मी म्हणाले. "मग आठवड्याला लिहितो," तो म्हणाला, आणि मला कीबोर्डची टकटक ऐकू आली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, तू झेडपीच्या शाळेत आहेस, म्हणजे सरकारी नोकर ना?"

"हो."

"मग परदेशी सरकारशी संबंध आहे का, याला होय लिहावं लागेल. बाबांनाही होय. त्यांच्यापुढे तर संरक्षण उद्योग."

मी काही बोलले नाही. ज्या गावात इतकी वर्षं चौथीच्या मुलांना पाढे शिकवले, तिथे बसल्या जागी मी कुणाच्या तरी लेखी परदेशी सरकार झाले होते. बाबा शेजारच्या गादीवर पडून सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझी सही नको?"

बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात हे भुसावळपासून मुक्ताईनगरपर्यंत पोराटोरांना ठाऊक आहे. पण बाबांच्या तोंडून आम्ही तो शब्द कधी ऐकला नाही. सकाळी भोंगा झाला की सायकल काढायची, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या आठ तासांबद्दल घरात एक अक्षर नाही. गेटवर दरबान झडती घ्यायचा. काडेपेटी खिशात राहिली तर परत पाठवायचा. बाबा नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या गावी पोलीस आला होता, पोलीस पाटलाला विचारून गेला होता: मुलगा कसा, घर कसं, भांडणतंटा काही? पाटलाने चार ओळी सांगितल्या, पोलिसाने लिहून घेतल्या, कागद लाल फितीत बांधला गेला आणि जिल्ह्याच्या कुठल्या तरी रुमालात जाऊन पडला. चारित्र्य पडताळणी झाली. तो कागद आजही कुठे असेल तर त्याच्यावर वाळवीचा हक्क आहे.

धाकटा भरत होता त्या फॉर्मचं नाव एसएफ-८६. अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळायची असतील, मग तुम्ही सैन्यात असा, खात्यात असा की धाकट्यासारखे एखाद्या कंत्राटी कंपनीत, सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी हा फॉर्म भरावा लागत आला आहे. सव्वाशेहून जास्त पानांचा. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, आणि तिथे तुम्हाला ओळखणारं कोण. कुठे शिकलात, कुठे नोकरी केलीत, सोडलीत का सोडायला लावली. लग्न, घटस्फोट, आधीचा जोडीदार. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे. परदेशातले जवळचे लोक. परदेश प्रवास. मनाच्या आजारावर घेतलेले उपचार. नशा, दारू. पोलिसांशी आलेला संबंध. थकलेलं कर्ज, बुडालेले हप्ते. आणि खोटं लिहिलंत तर तो गुन्हा.

एवढं सगळं कशासाठी? धाकट्याने मला त्याच्या पद्धतीने समजावलं. सरकारला माणूस धुतल्या तांदळासारखा हवा असतो असं नाही. त्याला दाबता येईल अशी जागा कुठे आहे, ती त्यांना आधी कळायला हवी. जी गोष्ट सरकारला सांगून झाली, तिच्या जोरावर दुसरा कुणी धमकावू शकत नाही. लपवलेली गोष्ट धोक्याची, सांगितलेली नाही.

ते ऐकताना मला लहानपणची राक्षसाची गोष्ट आठवली. राक्षसाला कुणी मारू शकत नाही, कारण त्याचा जीव त्याच्यात नसतोच. सात समुद्रांपलीकडे एका झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, पोपटात जीव. पोपट कुठे आहे हे कळलं की मग राक्षसाशी लढावं लागत नाही. प्रत्येक माणसाचा असा एक पोपट असतो. कुणाचा आजारी मुलगा, कुणाचं कर्ज, कुणाचं झाकलेलं जुनं प्रेम, कुणाची गावाकडची म्हातारी आई. एसएफ-८६ म्हणजे त्या पोपटाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून देणं. सात समुद्रांपलीकडचा पिंजरा मात्र इथे, आमच्या गच्चीवर होता, आणि त्या गादीवर बाबा पडले होते.

मी त्याला विचारलं, "आणि हे कागद ते ठेवतात कुठे?"

तो थोडा थांबला. मग त्याने मला २०१५ ची हकीकत सांगितली. पुढे मी तिच्याबद्दल जमेल तसं वाचत गेले, कारण त्या रात्रीनंतर मला ती परक्या देशातली बातमी वाटेनाशी झाली.

अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचं दप्तर सांभाळणारं एक खातं आहे, ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, म्हणजे ओपीएम. हे फॉर्म वर्षानुवर्षं तिथे साठत होते. २०१४ च्या मार्चमध्ये लक्षात आलं की कुणीतरी संगणकांत शिरलंय. त्याच्यावर पाळत ठेवली गेली, मग त्याला बाहेर काढलं गेलं. दरम्यान मे महिन्यात दुसरा आत आला होता, तोही चोरदरवाजाने नाही. पडताळणीचं काम करणाऱ्या खासगी कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याचं लॉगिन वापरून, ओळखपत्र दाखवून आल्यासारखा. जुलै आणि ऑगस्टमध्ये पार्श्वभूमी तपासणीच्या फायली गेल्या. डिसेंबरात नोकरीच्या नोंदी गेल्या. पुढच्या मार्चमध्ये बोटांचे ठसे. एप्रिल २०१५ मध्ये कुठे लक्षात आलं, तेही यामुळे की खात्याचा एक संगणक अनोळखी वेबपत्त्याशी बोलत होता. तो पत्ता खात्याच्याच नावासारखा दिसणारा होता आणि एका अमेरिकी कॉमिकच्या नायकाच्या नावावर नोंदवलेला होता. घुसवलेला प्रोग्रॅम मॅकॅफी अँटिव्हायरसची फाइल असल्याचं सोंग घेऊन बसला होता, आणि ओपीएममध्ये मॅकॅफी वापरतच नव्हते.

४ जून २०१५ ला सरकारने सांगितलं, सुमारे ४० लाख आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या नोंदी गेल्या; पुढे तो आकडा ४२ लाख झाला. ९ जुलैला सांगितलं, पार्श्वभूमी तपासणीच्या २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेली. त्यातले १ कोटी ९७ लाख स्वतः अर्ज केलेले, आणि १८ लाख अर्ज न केलेले, बहुतेक नवरा, बायको किंवा एकत्र राहणारे जोडीदार. ठशांचा आकडा आधी ११ लाख होता, सप्टेंबरात तो ५६ लाख झाला. खात्याच्या संचालक कॅथरिन आर्चुलेटा यांनी १० जुलैला राजीनामा दिला. आधीच्याच वर्षी खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने लिहून ठेवलं होतं की ४७ पैकी ११ यंत्रणा वैध सुरक्षा मंजुरीशिवाय चालू आहेत. पासवर्ड बदलता येतो. बोटं कुठून बदलून आणायची?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचलं ते एक साधं सरकारी स्पष्टीकरण. अर्जदार आणि जोडीदार सोडून फॉर्ममध्ये ज्या इतरांची नावं आहेत, आईवडील, भाऊबहीण, ओळख देणारे मित्र, त्यांच्याबद्दल खात्याने म्हटलं की त्यांची माहिती पुष्कळदा ऑनलाइन डिरेक्टरीत किंवा सोशल मीडियावर मिळते तशीच असते, म्हणून त्यांना तेवढा धोका नाही. त्यांना कळवायचं असेल तर अर्जदाराने कळवावं. २ कोटी १५ लाख या आकड्यात ही माणसं धरलेलीच नाहीत.

नाव आणि पत्ता डिरेक्टरीत असतो, हे खरं. पण हा पत्ता अमुक माणसाच्या आईचा आहे, तो माणूस तमुक गुप्त कामावर आहे, तो दर रविवारी तिला फोन करतो, हे कुठल्या डिरेक्टरीत छापलेलं असतं? माहितीची किंमत नावात नसते, नावाला जोडलेल्या दोऱ्यात असते. हे ज्यांना सर्वांत चांगलं ठाऊक असायला हवं, त्यांनीच ते क्षुल्लक ठरवलं. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांना ते कळलं होतं. ते म्हणाले होते की आपल्या फॉर्ममध्ये आपण अठराव्या वर्षापासून राहिलो ते प्रत्येक घर, केलेला प्रत्येक परदेश प्रवास आणि सगळं कुटुंब पत्त्यांसकट आहे. प्रश्न एकट्या आपला नाही, आपल्याला भावंडं आहेत, पाच मुलं आहेत.

मला हे लागलं त्याला आणखी एक कारण आहे. मी स्वतः दारोदार जाऊन माहिती गोळा केलेली बाई आहे. झेडपीच्या शिक्षकाला ते चुकत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी केली, ३५ प्रश्नांची. २०११ च्या फेब्रुवारीत पुन्हा त्याच दारांत उभी राहिले, २९ प्रश्न घेऊन. एका घरात बाईने नवऱ्याचं नाव सांगितलं आणि 'सध्याची वैवाहिक स्थिती' विचारल्यावर दाराची कडी नुसती हलवत राहिली. तो आठ वर्षांपूर्वी निघून गेला होता, गावाला ती 'कामाला गेलाय' सांगत होती. मी तिला हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, हे कुणाला कळत नाही. जनगणनेची माहिती गुप्त असते, तसा १९४८ चा कायदाच आहे." तिने सांगितलं. मी त्या उत्तराचा आकडा रकान्यात भरला. अजून ती बाजारात भेटली की माझ्याकडे पाहून किंचित हसते, आणि ते हसू माझ्यावर उधार आहे असं मला वाटतं. मागणारा आणि सांगणारा यांच्यात एवढंच असतं. मी शब्द दिला होता, सरकारच्या वतीने दिला होता, आणि तिने माझ्या तोंडाकडे बघून तो खरा मानला होता.

पुढे 'सरल' पोर्टल आलं. तेव्हापासून मुलांची जात, उंची, आधार, बँक खातं, आईवडिलांचं शिक्षण, सगळं आम्ही भरतो. साइट चालत नाही म्हणून रात्री अकराला भरतो, नेट कॅफेत बसून भरतो, पासवर्ड कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवतो. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून ओपीएमच्या लोकांना नावं ठेवताना माझा हात अडखळतो. इतकं गोळा करायचं ठरवणारे वर बसलेले असतात, आणि सांभाळायचं ज्याच्यावर येतं त्याला धड कुलूपही दिलेलं नसतं.

बाबांना मी ती सगळी हकीकत मराठीत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग विचारलं, "बाहेर जाताना झडती नव्हती?"

मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे आत जाणाऱ्याची झडती व्हायची, आणि बाहेर येणाऱ्याचीही. बाहेर येणाऱ्याची जास्त. आत काय नेतो यापेक्षा बाहेर काय जातंय, ते महत्त्वाचं." चौथी शिकलेले बाबा. सव्वाशे पानं भरून माणसाची आत येतानाची झडती घेणाऱ्या खात्यातून कोट्यवधी माणसांचे पोपट पिंजऱ्यासकट महिनोन्‌महिने बाहेर जात होते आणि त्या गेटवर कुणी दरबान नव्हता.

त्या फायलींचं पुढे काय होऊ शकतं, याचा एक प्रकार मला कितीतरी दिवस सुचला नव्हता. ओपीएमच्या चोरीचा संशय चीनवर होता. अमेरिकी वृत्तपत्रांत आलं की त्यानंतर सीआयएने बीजिंगच्या वकिलातीतले आपले काही लोक मागे बोलावले. त्यांची नावं फायलींत सापडतील म्हणून नव्हे, सापडणार नाहीत म्हणून. सीआयए आपली पडताळणी स्वतःच्या यंत्रणेत करते. वकिलातीत परराष्ट्र खात्याचे म्हणून वावरणाऱ्यांची यादी एकीकडे ठेवायची, ओपीएमची यादी दुसरीकडे, आणि ज्याचं नाव दुसरीत नाही त्याच्याकडे जरा निरखून बघायचं. हजेरीत नाव नसलेला मुलगा वर्गात बसलेला दिसला की आम्ही शिक्षक करतो, तेच.

एक यादी एकटी फार बोलत नाही. त्याच सुमाराला अँथम या आरोग्य विमा कंपनीतून जवळपास ७ कोटी ८८ लाख लोकांच्या नोंदी गेल्या. २०१७ मध्ये इक्विफॅक्सकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, म्हणजे कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडून. त्या प्रकरणी २०२० मध्ये अमेरिकेने चिनी सैन्यातल्या चौघांवर आरोप ठेवले. २०१८ च्या नोव्हेंबरात मॅरियट या हॉटेल कंपनीने आपल्या स्टारवूड हॉटेलांतल्या पाहुण्यांची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर केलं, त्यात लाखो पासपोर्ट क्रमांक होते. कोण आजारी, कोण कर्जात, कोण कुठल्या रात्री कुठल्या शहरात. हे तुकडे शेजारी शेजारी मांडले की माणसाची कुंडली तयार होते, आणि ती मांडणाऱ्याला ज्योतिष यावं लागत नाही.

कर्ज माणसाला कुठे नेतं, त्याचं उदाहरण केव्हिन मॅलरी. व्हर्जिनियात राहणारा, सीआयएतून बाहेर पडलेला अधिकारी, घराचे हप्ते थकलेले. २०१७ च्या फेब्रुवारीत लिंक्डइनवर त्याला एक निरोप आला, चीनमधल्या एका सल्लागार कामाबद्दल. तो शांघायला गेला, त्याला खास फोन दिला गेला, कागद गेले, २५,००० डॉलर आले. २०१९ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्याने जे केलं त्याला मी माफी देत नाही. पण निरोप पाठवणाऱ्याला हजारो नावांतून त्याचंच दार वाजवायचं सुचतं, तेव्हा त्या दारामागे काय चाललंय याचा अंदाज आधी कुणीतरी केलेला असतो.

आणि आता चोरीचीही गरज उरलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी डेटा ब्रोकरांकडे, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांकडे, अमेरिकी सैनिकांची माहिती मागितली. विकत मिळाली. घरचा पत्ता, आरोग्य, आर्थिक स्थिती, धर्म, घरात मुलं आहेत का. आशियातला ग्राहक असल्याचं भासवून मागितली, तरी मिळाली. विशिष्ट लष्करी तळांच्या आसपासची हवी म्हटल्यावर तीही मिळाली. भाव, एका माणसाचे १२ सेंट इतके खाली. तेव्हाच्या दराने दहा रुपये. आमच्या एसटी स्टँडवर तेवढ्यात एक कटिंग येतो.

यात कुणी कुलूप तोडलेलं नसतं. टॉर्चचं अ‍ॅप, हवामानाचं अ‍ॅप, व्यायामाचं अ‍ॅप, आपणच 'परवानगी द्या' दाबतो. २०१७ च्या अखेरीस स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने जगभरच्या धावणाऱ्यांच्या वाटांचा चमकता नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर या वीस वर्षांच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या भागात जिथे वर्तुळं उजळलीत, तिथे सैनिक तळाच्या कुंपणाला फेऱ्या मारतायत. धावताना कुणी गुपित फोडत नसतो. त्या बिचाऱ्यांना फक्त आपले किलोमीटर मोजायचे होते.

२०२४ मध्ये अमेरिकेत शत्रुराष्ट्रांना असा डेटा विकण्यावर बंदीचा कायदा झाला आणि एप्रिल २०२५ पासून न्याय खात्याचे त्यासंबंधीचे नियम लागू झाले. आपल्याकडे लष्कराने २०२० च्या जुलैमध्ये जवानांना ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला लावली, फेसबुकसकट. २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. सोशल मीडियावरून ओळख वाढवून परदेशी हस्तकाने माहिती काढल्याचा तो आरोप आहे आणि त्यावरचा निकाल न्यायालयाचा. त्याच वर्षी आपला डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात आपली माहिती कुणाकडे काय आहे हे विचारायचा हक्क आहे, आणि सरकारला आपल्या संस्था अधिसूचना काढून त्यातून वगळायची मुभाही आहे.

कायदे असोत. आमच्या घरात खरी अडचण झाली ती आईची.

धाकट्याने सांगितलं होतं की माझ्या कामाबद्दल, कंपनीबद्दल कुठे बोलू नका, फोटो टाकू नका. आई भजनी मंडळात जाते. तिथे प्रत्येकीचा मुलगा कुठेतरी काहीतरी असतो, पुण्यात मॅनेजर, नाशिकला इंजिनिअर. आईचा मुलगा वॉशिंग्टनजवळ मोठ्या सरकारी कामावर, आणि तिने गप्प बसायचं. "पोराचं कौतुकही करायचं नाही का?" तिने मला विचारलं. "कॉम्प्युटरमध्ये आहे सांग," मी म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये तर सगळेच आहेत," ती म्हणाली आणि गाथा पिशवीत घालून निघून गेली. त्यानंतर तिने खरंच कुणाला सांगितलं नाही. मंडळातल्या बायकांना वाटू लागलं की याच्या नोकरीचं काहीतरी बिनसलंय. आईने तेही ऐकून घेतलं. क्लिअरन्स धाकट्याला मिळाला, त्याची किंमत इकडे ही अशी दिली जात होती. २०२१ मध्ये ती गेली. तेराव्याला एका बाईने हळूच विचारलं, "पोराला नोकरी लागली का पुन्हा?"

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बाबांना फोन आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. बाबांचं पूर्ण नाव, फॅक्टरी, निवृत्तीचं साल, पेन्शनची बँक, सगळं त्याने सांगितलं. "आजोबा, तुम्हाला बँकेत यायची गरज नाही, एक नंबर येईल तेवढा सांगा." बाबा हो-हो म्हणत होते. मग तो म्हणाला, "मुलगा अमेरिकेत असतो ना तुमचा? तो नाही, म्हणून आम्हीच मदत करतो."

बाबा थांबले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांची पाठ ताठ झाली. "तुमचं नाव सांगा," ते म्हणाले. "आणि तिकीट नंबर." फॅक्टरीत प्रत्येक कामगाराचा तिकीट नंबर असायचा, तो न सांगणाऱ्याला दरबान आत सोडत नसे. पलीकडच्याने फोन ठेवून दिला.

पैसे वाचले. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. "पेन्शनचं ठीक आहे," ते म्हणाले. "पोराचं त्याला कुणी सांगितलं?" ही माहिती त्या फॉर्ममधून आली नसणार, हे मला कळतं. कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानातून, कुठल्या तरी अ‍ॅपमधून, विकली जात जात आली असेल. पण बाबांना तो फरक समजावून सांगताना मला जाणवलं की त्यांच्या दृष्टीने फरक नाहीच. तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाने जेवताना बायकोलाही गेटच्या आतलं काही सांगितलं नाही, त्याच्या घरातलं सगळं एका अनोळखी माणसाने त्यालाच वाचून दाखवलं होतं.

गेल्या हिवाळ्याच्या सुमाराला धाकट्याचा रविवारी फोन आला, तेव्हा तो पुन्हा माहिती मागू लागला. आता तिकडे पाच-दहा वर्षांनी एकदा तपासत नाहीत, सतत तपासत असतात, बदल झाला की कळवावा लागतो. इकडे यायचं तरी त्याला आधी कळवावं लागतं. माझी बदली झालीय, शाळा बदललीय, ते त्याला हवं होतं.

"सांगते," मी म्हणाले. "पण आधी तू सांग. त्या फॉर्ममध्ये आमचं काय काय लिहिलंयस?"

"म्हणजे?"

"अरे, पोलीस साधा जबाब घेतात तरी शेवटी वाचून दाखवतात. आमचं तू लिहिलंस आणि आम्हाला कधी वाचून दाखवलं नाहीस."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "फोनवर नको, ताई. डिसेंबरात येतो तेव्हा."

आला. लॅपटॉप आणला नव्हता, कागदही नाही. माझ्या मुलीची चौकटीची वही घेतली आणि आठवून आठवून मराठीत लिहिलं. आई: जन्म अमुक गाव, तालुका यावल. नागरिकत्व भारतीय. आता मृत. वडील: जन्म १ जून १९४८. नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरी, निवृत्त. परदेशी सरकारशी संबंध, होय. संपर्क दर आठवड्याला, टेलिफोनवर. बहीण: शिक्षिका, जिल्हा परिषद. परदेशी सरकारशी संबंध, होय. दोन्ही पानं भरली. ओसरीवर दिव्याखाली बसून त्याने ती बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. बाबांना आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे काही ओळी दोनदा. 'संपर्क दर आठवड्याला' याला त्यांनी हात वर केला. "तुझी आई होती तेव्हा तू बुधवारीही करायचास," ते म्हणाले. धाकट्याने मान खाली घातली आणि पेनाने दुरुस्ती केली.

वाचून झाल्यावर बाबांनी वही मागून घेतली. चष्मा लावला. दुसऱ्या पानाच्या खाली, उरलेल्या चार चौकटींच्या ओळींत, फॅक्टरीच्या पगारपत्रकावर करायचे तशी सावकाश पूर्ण नावाची सही केली. वर लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' जन्मतारखेपुढे कंसात लिहिलं, 'शाळेतली.' तारीख घातली.

सकाळी पाचला उठून त्यांनी दोन्ही पानं वहीतून टाका न मोडता काढली आणि बंबात घातली. त्या पाण्याने धाकट्याने आंघोळ केली.